प्रवाशाची पेटी आणि जकातीचे नाके

पणजीला मांडवीच्या काठी उभी असलेली निळी इमारत गोमंतकीयांच्या नित्य परिचयाची आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथे जकातघर होते. जून २०२२ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांच्या हस्ते तेथील संग्रहालय ‘धरोहर’ या नावाने राष्ट्राला अर्पण करण्यात आले. जकात अधिकाऱ्यांनी वेळोवेळी हस्तगत केलेल्या प्राचीन मूर्ती, नाणी, हस्तलिखिते असा ऐवज तेथे मांडलेला आहे. देशाचा वारसा चोरट्यांच्या हातून सोडविणाऱ्या त्या अधिकाऱ्यांचे ऋण कोणीही मान्य करील. परंतु जकातीच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती कोणत्याही काचेच्या कपाटात मावण्याजोगी नाही. नाक्यावर ज्याची पेटी उघडली गेली, ज्याच्या बोचक्यातील लुगडी आणि लाडू फलाटावर पसरले गेले, त्या साध्या प्रवाशाची ती बाजू होय.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातून परदेशी जाणाऱ्या मराठी माणसाचा रस्ता आता पुष्कळदा गोव्यातून जातो. सांबऱ्याहून परदेशी विमाने सुटत नाहीत. दाबोळी, किंवा जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झालेला मोपचा विमानतळ त्यांना मुंबई-बंगळूरपेक्षा जवळ पडतो. चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरून ही मंडळी येतात. कोणी आखाती देशांत गवंडी, सुतार, वीजतंत्री म्हणून जाणारा असतो, कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला निघालेली आई असते. सामानात कॉफीची पूड असते, बेळगावचा कुंदा असतो, मेतकूट, लोणचे, शेंगदाण्याची चटणी, खसखस आणि घरगुती औषधे असतात. यांतील कोणती वस्तू कोठे चालते आणि कोठे तुरुंगाची वाट दाखविते, याची माहिती त्यांना बहुधा शेजाऱ्याकडूनच मिळते. परत येताना पुन्हा तोच प्रकार. फक्त आता पेटीत मुलासाठी घेतलेला फोन आणि लेकीसाठी घेतलेले तोळाभर सोने असते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. कौटिल्याने अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगताना विवाह, कन्येला द्यावयाची भेट, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, चौल, उपनयन इत्यादी कारणांसाठी नेली जाणारी वस्तू शुल्कमुक्त असावी असे म्हटले आहे. खोटे कारण सांगून माल काढणाऱ्यास चोराची शिक्षाही त्याने सांगून ठेवली आहे. व्यापाराचा माल वेगळा आणि संसाराचा माल वेगळा, हा भेद आपल्या राज्यशास्त्राने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखला होता. आजच्या ‘बॅगेज’ नियमांचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. तत्त्व जुनेच आहे. ते पाळताना जो विवेक लागतो तो मात्र दर पिढीला नव्याने शिकावा लागतो असे दिसते.

जकातीचा दुसरा हेतू म्हणजे स्वदेशी मालाचे रक्षण. त्याचे उत्तम उदाहरण आमच्याच भूमीतले आहे. बारदेशचे मीठ स्वस्त, म्हणून घाटावरचे व्यापारी तेच नेत आणि संगमेश्वराकडील मिठागरे ओस पडत. तेव्हा १६७१ च्या डिसेंबरात शिवछत्रपतींनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावयास सांगितले, जेणेकरून दोन्ही मिठांचे भाव सारखे होतील आणि उदमी पुन्हा आपल्या बंदरांकडे वळतील. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ती जकात बैलांच्या तांड्यांवर लादलेल्या मालावर होती. कोणा यात्रेकरूच्या शिदोरीतील मिठाची पुरचुंडी सोडून पाहावी असा तिचा उद्देश नव्हता.

पुढे इंग्रजांनी हेच मीठ निराळ्या रीतीने गिळले. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात जो करार झाला त्याने गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत पाडली, दोन्ही प्रदेशांची जकात एक केली, आणि मोबदल्यात गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. कागदावर हा मुक्त व्यापाराचा करार होता. प्रत्यक्षात मिठाचा मक्ता आणि अबकारीची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली. मिठागरांवर निर्बंध आले, माडाच्या सुरेवरील कर वाढला, रेंदेर आणि मिठागरवाले देशोधडीला लागले. मुंबईकडे गोमंतकीयांचा जो लोंढा गेला त्यामागे हे एक कारण होते. करार बारा वर्षांचा होता. जानेवारी १८९२ मध्ये तो संपुष्टात आला आणि भिंत पुन्हा उभी राहिली. कराराचे एकच टिकाऊ फळ आमच्या पदरात पडले, ते म्हणजे मुरगाव बंदरापासून ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला जाणारा लोहमार्ग. १८८८ साली तो पुरा झाला. बेळगाव आणि गोवा एका रुळाने जोडले गेले, आणि त्याच रुळावर जकातीची दोन नाकी बसली: खाली कुळे, वर कॅसलरॉक.

या दोन स्थानकांची नावे जुन्या पिढीच्या तोंडी कोणत्या सुरात येत असत हे ज्यांनी ऐकले असेल त्यांना अधिक सांगावयास नको. कुळ्याला पोर्तुगीज शिपाई सामान उलगडून पाहत. गाडी दूधसागरच्या कड्यावरून धापा टाकीत वर गेली की कॅसलरॉकला इकडचे अधिकारी तेच सामान पुन्हा उलगडीत. तासन्‌तास गाडी खोळंबे. एकाच घरातील माहेरवाशीण सासरी जाताना दोन राज्यांच्या दोन कायद्यांखाली दोनदा संशयित ठरे. बेळगावच्या बाजारातील भाजी खाली गोव्यात जाई, गोव्याचे खोबरे आणि मासळी वर येई. हे शेकडो वर्षांचे देवघेवीचे नाते कधी कोणत्या दप्तरात ‘आयात’ आणि ‘निर्यात’ म्हणून नोंदले गेले ते ते करणाऱ्यांना कळलेही नसेल.

१९४७ नंतर परिस्थिती विलक्षण झाली. स्वतंत्र भारताने परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक नियंत्रणे घातली. सोन्याची आयात बंद केली. गोव्यात मात्र दारे सताड उघडी होती. मँगनीज व लोहखनिजाच्या निर्यातीने तेथे परकीय चलन खेळू लागले. घड्याळे, फाउंटन पेन, नायलॉनचे कापड, विलायती दारू, आणि सर्वांत मुख्य म्हणजे सोने, या वस्तूंचा भाव घाटाखाली एक आणि घाटावर दुसरा असा झाला. पाणी जसे उतारावर धावते तसा माल चढत्या भावाकडे धावतो. मग रामघाट, चोर्ला, अनमोड, आंबोली यांच्या आसपासच्या रानवाटा रात्री जाग्या राहू लागल्या. नाक्यावर आगगाडीत पकडली जाई ती बहुधा एखाद्या म्हातारीच्या ओच्यातली चार वार नायलॉनची चिंधी. सोन्याच्या लगडी आपल्या वाटेने सुखरूप बेळगावच्या पुढे निघून गेलेल्या असत. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत जकातखात्याने तेव्हा शोधून काढली असे नव्हे, पण तिचा अभ्यास त्या नाक्यांवर पुष्कळ झाला.

यानंतर आली ती १९५५ ची आर्थिक कोंडी. या विषयावर गोमंतकात अद्यापही मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून येथे चार शब्द अधिक लिहिणे आम्हास अवश्य वाटते. मुक्तिलढ्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. बेळगाव ही त्या लढ्याची छावणी होती. सत्याग्रहींच्या तुकड्या तेथून निघाल्या, तेथील मराठी घरांनी त्यांना भाकरी बांधून दिल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, आगगाडी थांबविली, वकिलात बंद केली, माल आणि पैसा यांची ये-जा रोखली. यामागील हेतू सालाझारला जेरीस आणण्याचा होता. पण जेरीस कोण आला? मुरगाव बंदर उघडेच होते. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचे तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट, बेल्जमचे पोलाद गोव्यात येऊ लागले. खाणमालकांची भरभराट झाली. जपानला खनिज जातच राहिले. कोंडीत सापडला तो मुंबईहून मुलाच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारा काणकोणचा म्हातारा, भाजीचा ग्राहक गमावून बसलेला खानापूरचा शेतकरी, आणि आजारी बापाला भेटावयास परवान्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे घालणारी मुलगी. स्वातंत्र्यासाठी त्यांनी हे सोसले, याचा आम्हास अभिमान आहे. तथापि कोंडीचे सारे ओझे कोणाच्या डोक्यावर पडले, हे न सांगणे म्हणजे त्यांच्या सोसण्याची किंमत कमी करणे होय.

इतिहासाचा योगायोग असा की, त्याच काळात, जकातीच्या त्याच रानात, एक अशी वस्तू लपलेली होती की जिच्यावर कोणत्याही नाक्याला जकात बसविता आली नाही. नोव्हेंबर १९५५ पासून आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून श्री. वामन सरदेसाई आणि श्रीमती लिबिया लोबो ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे नभोवाणी केंद्र चालवीत होते. डिसेंबर १९६१ पर्यंत तो आवाज कुळ्याचा पहारा ओलांडून घरोघर पोहोचत होता. मग बेळगावला जमलेली मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन घाट उतरली आणि १९ डिसेंबरला ती सीमाच नाहीशी झाली.

नाके उठले तरी नाक्याची वृत्ती उठत नाही. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचे नियम आले, १९६८ मध्ये त्यांचा कायदा झाला, आणि १९९० साली तो रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत प्रामाणिक सोनार देशोधडीला लागले आणि कोकणच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या चोरट्या सोन्याला अंकुश मात्र बसला नाही. १९९२ साली सरकारने परदेशस्थ भारतीयांना माफक जकात भरून पाच किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्यास मुभा दिली आणि चोरट्या व्यापाराचा कणा जो मोडला तो पोलिसी बंदोबस्तामुळे नव्हे. २०१३ मध्ये जकात दहा टक्क्यांवर नेताच तोच व्यापार पुन्हा डोके वर काढू लागला. २०२२ मध्ये एकूण बोजा पंधरा टक्क्यांवर गेला. २०२४ च्या जुलैत तो सहा टक्क्यांवर आणावा लागला. भावातील अंतर जितके मोठे तितकी रानवाट रुंद, हा धडा कॅसलरॉकने १९५० च्या दशकातच शिकविला होता. दिल्लीपर्यंत तो पोहोचावयास फार वेळ लागला, इतकेच.

निपाणीची कहाणी याहून वेगळी दिसते, पण मुळात ती एकच आहे. तेथे सीमा समुद्रापलीकडची नव्हती, ती तंबाखूच्या पानाभोवती आखलेली होती. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला आणि शेतकऱ्याच्या घरातच जणू नाका आला. पिकाची नोंद, सुकवलेल्या मालाची मोजणी, परवान्याशिवाय बोद हलवावयाचे नाहीत, वखारीला सरकारी कुलूप. १९७९ मध्ये कच्च्या तंबाखूवरचा हा कर उठला. कराचा जाच गेला, पण भाव शेतकऱ्याच्या हाती आला नाही. १९८१ साली श्री. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कर रद्द झाला म्हणजे आपोआप न्याय होतो असे मानणाऱ्या आमच्या अर्थपंडितांनी निपाणीला एकदा जाऊन यावे.

निपाणीच्या उत्तरेस कोगनोळी. तेथे महाराष्ट्र संपतो आणि कर्नाटक सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेने ही रेषा ओढली, आणि तिच्याविषयीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आमचा मुद्दा एवढाच की, एकाच देशातल्या दोन राज्यांमधील या रेषेवरही मालमोटारींच्या रांगा वर्षानुवर्षे उभ्या असत. कर्नाटकाने जकात १९७९ मध्येच बंद केली. पण तपासणी नाकी, प्रवेशकर, परवाने, शिक्के यांचा खटाटोप १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत या ना त्या रूपाने चालूच राहिला. त्या दिवशी पुष्कळ नाकी उठली, ही गोष्ट खुल्या दिलाने मान्य करावयास हवी.

उरली ती दारूची. राज्यघटनेच्या एकशे एकाव्या दुरुस्तीने मद्य वस्तू व सेवा कराबाहेर ठेवले. प्रत्येक राज्याची अबकारी निराळी, म्हणून गोव्यातील बाटलीचा भाव घाटावर चढतो. त्यामुळे अनमोडला आणि कणकुंबीला नाके आजही उभे आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला बांद्याकडे तोच प्रकार. गोव्याची दारू चोरून नेणाऱ्या सराईतांवर संघटित गुन्हेगारीचा कायदा लावण्याची भाषा महाराष्ट्रात २०२२ साली झाली. दुधाच्या टँकरमधून नि प्लायवूडच्या थरांखालून शेकड्यांनी खोकी नेणाऱ्यांवर तो जरूर लावावा, आमची हरकत नाही. मद्यपानाची भलामण करण्याचाही आमचा हेतू नाही. पण देवदर्शनाहून परतणाऱ्या बसमधील प्रत्येक बाईची पिशवी त्यासाठी उपसण्याची गरज नसते. अंगी कसब असलेल्या अधिकाऱ्याला टँकर कोणता आणि पिशवी कोणती हे चार हात अंतरावरून कळते.

आता कॉफीकडे वळू. चहाचा मुलूख कोठे संपतो आणि कॉफीचा कोठे सुरू होतो हे पाहावयाचे तर निपाणीहून बेळगावला जावे. निपाणीत पाहुण्यापुढे चहा येतो, बेळगावच्या उडुपी खानावळीत पेल्या-वाटीतील फेसाळ कॉफी. ही कॉफी या देशात आली ती मुळात जकात चुकवून, असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिराने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनच्या मोका बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या. अरब व्यापारी न भाजलेली वा न उकडलेली बी देशाबाहेर जाऊ देत नसत. रोप दुसरीकडे रुजले तर मक्तेदारी बुडेल ही भीती. आज त्या डोंगरांना बाबा बुदनगिरी म्हणतात. गंमत अशी की ज्या कर्नाटकात कॉफी अशी पाहुणी म्हणून आली तेथेच १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात सारे पीक घालण्याची सक्ती मळेवाल्यांवर आली, आणि ती पूर्णपणे उठावयास १९९६ साल उजाडावे लागले. सरकारांना कॉफीचा वास फार लवकर येतो. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७८१ मध्ये कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला आणि चोरून भाजणाऱ्यांना हुडकण्यासाठी निवृत्त सैनिकांना गल्लोगल्ली नाक वर करून हिंडविले. आमच्या अबकारी खात्याला ही युक्ती सुचली नाही हे नशीबच!

तथापि कच्च्या बियांवरील सगळीच बंदी राज्यकर्त्यांच्या लोभातून आलेली नाही. १८६९ च्या सुमारास सिलोनमध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत तेथील मळे उद्ध्वस्त झाले. सिलोन चहाचे बेट बनले ते त्यानंतर. फळ पोखरणारा भुंगेरा भारतात १९९० साली निलगिरी भागात प्रथम आढळला आणि आज मळेवाले त्याच्याशी झुंजतच आहेत. असा रोग पिशवीतल्या मूठभर बियांतूनही समुद्र ओलांडू शकतो. म्हणून भाजलेली, दळलेली कॉफी बहुतेक देश घेऊ देतात. न भाजलेली बी, रोप, माती यांना अडवितात. अमेरिकाही हिरव्या बिया हवाई आणि पोर्तोरिको या आपल्या कॉफी पिकविणाऱ्या प्रदेशांत येऊ देत नाही. हे कारण एकदा समजावून सांगितले की चिकोडीचा शेतकरीही ते मान्य करील, कारण पिकावरची कीड काय असते हे त्याला नाक्यावरच्या कारकुनापेक्षा अधिक ठाऊक असते. न समजावता केलेली मनाई त्याला लहर वाटते, आणि ज्या नियमाला माणूस लहर समजतो तो मोडताना त्याचा हात कापत नाही.

कॉफीची पूड आईने लेकाला नेली तर सहसा बिघडत नाही, कोठे ती तोंडी वा लेखी जाहीर करावी लागते एवढेच. कुंद्याचे तसे नाही. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात आपली दुधाची मिठाई नाक्यावरच काढून घेतात, आणि ती लपविली असे दिसले तर जागच्या जागी भारी दंड करतात. निपाणीच्या तंबाखूचा शौकीन सिंगापूरला गेला तर चघळण्याची तंबाखू तेथे निषिद्ध आहे, हे त्याने पुडी खिशात घालण्यापूर्वीच जाणावयास हवे. हा झाला दंडाचा भाग. खसखशीचा भाग मात्र प्राणांवर बेतणारा आहे. आपल्या स्वयंपाकघरात अनारशावर आणि वाटणात पडणारी ही बिचारी बी संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात अफूच्या झाडाची म्हणून अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन, दुखण्यावरील ट्रामाडोलच्या गोळ्या यांनाही आखातात पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढून, दलालाला पैसे भरून नोकरीवर निघालेल्या तरुणाच्या पेटीत आईने मायेने घातलेली पुडी त्याला कोठडीत नेऊ शकते. ज्या घरात याविषयी कोणी सांगणारे नाही त्या घराला ते सांगणे हे सरकारचे काम नव्हे काय?

परतीच्या प्रवासाचे नियम आपले आपणच केलेले आहेत. त्यांचा दोष दुसऱ्या देशाच्या माथी मारता येणार नाही. प्रवाशाने जकातीविना आणावयाच्या मालाची मर्यादा जुलै २०१४ मध्ये पस्तीस हजारांवरून पंचेचाळीस हजार, आणि २०१६ च्या नियमावलीने पन्नास हजार रुपये केली. त्याच नियमावलीने एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून येणाऱ्या पुरुषाला वीस ग्रॅम व स्त्रीला चाळीस ग्रॅम दागिने आणण्याची सवलत दिली, पण सोबत अनुक्रमे पन्नास हजार आणि एक लाख रुपये या किमतीची अटही घातली. २०१६ साली या दोन अटी एकमेकींच्या जवळपास होत्या. २०२५ मध्ये सोने दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेले तेव्हाही किमतीची अट जागची हलली नव्हती. म्हणजे पुरुषाचे वीस ग्रॅम प्रत्यक्षात पाच ग्रॅमवर आले. कायद्याचा एकही शब्द न बदलता सवलत तीन चतुर्थांश हिरावली गेली. महागाईने कायदा बदलावा आणि संसदेला त्याची वार्ताही नसावी, हा प्रकार लोकशाहीत शोभत नाही.

अंगावरच्या दागिन्यांचा घोळ याहून वाईट. मंगळसूत्र आणि बांगड्या घालून गेलेली बाई त्याच घालून परत आली तर त्या तिच्या रोजच्या वापरातल्या वस्तू की आयात केलेले सोने? प्रवाशाचे वैयक्तिक वापराचे दागिने म्हणजे चोरटी आयात नव्हे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला होता. तरीही पुढील काळात असे दागिने अडकवून ठेवल्याची प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत जातच राहिली. न्यायालयात जाणे दिल्ली-मुंबईच्या सधन प्रवाशाला परवडते. कुवेतहून सुट्टीवर आलेली निपाणीची मोलकरीण न्यायालयात जात नाही. ती जे मागितले ते देऊन, पावती न मागता, शेवटची बस गाठण्यासाठी धावत सुटते.

अधिकाऱ्यांवर सरसकट आरोप करण्याचा आमचा उद्देश नाही. पोटात गोळ्या करून, बुटाच्या तळव्यात भुकटी करून सोने आणणारे महाभाग रोज त्यांच्यासमोर येतात आणि त्यांना ओळखणे सोपे नाही. परंतु हे काम करणारा माणूस कोण आणि त्याच्यासाठी काम करविणारा कोण, याचा शोध विमानतळाबाहेर घ्यावा लागतो. तो कष्टाचा आहे म्हणून पेट्या उपसण्याच्या सोप्या कामावर समाधान मानू नये.

करावयाचे काम मोठ्या खर्चाचे नाही. रुपयांत बांधलेल्या मर्यादेचा दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर फेरविचार व्हावा. अडकवून ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची पावती प्रवाशाला समजेल अशा भाषेत जागच्या जागी मिळावी आणि दाद कोणाकडे व किती दिवसांत मागावयाची हे तिच्यावर छापलेले असावे. जाताना दागिन्यांची नोंद करून दाखला घेण्याची सोय आहे. तिची माहिती प्रवाशाला तिकिटाबरोबरच दिली जावी. आणि जकातखाते, गोवा सरकार व बेळगावचे जिल्हा प्रशासन यांनी मिळून मराठी, कोंकणी व कन्नड या तिन्ही भाषांत एक पानी पत्रक काढावे: काय नेता येते, काय नेता येत नाही, परत काय आणता येते. ते केवळ विमानतळावर चिकटवून उपयोग नाही, कारण तेथे पोहोचेपर्यंत पेटी बांधून झालेली असते. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर येथील बसस्थानकांवर, पारपत्र देणाऱ्या कार्यालयांत आणि परदेशी नोकऱ्या मिळवून देणाऱ्या परवानाधारक दलालांच्या दारांवर ते लागले पाहिजे. त्या पत्रकात सोन्याचे कोष्टक खाली गेले तरी चालेल. खसखस आणि खोकल्याचे औषध ही दोन नावे मात्र अगदी वर, जाड अक्षरांत छापावीत.